नावे

मिसेस हार्विल म्हणाल्या, आठ पानं पुरेत,
फोटो मोठे टाकू.
मला इतिहास लिहिता येत नाही, मी शाळेची हिशेबनीस.
जमाखर्च तेवढा वाचता येतो.
म्हणून तळघरातून वह्या वर आणल्या,
मेम्फिसच्या दमट हवेनं पाव फुगावा तशा फुगलेल्या,
कडेनं कसरीनं नदीचं वळण कोरलेलं.

१८७२. मिस अरमिंटा कॉलियर, वय सव्वीस.
लढाईत दोन भाऊ गेले, घर उरलं, खुर्च्या विकल्या गेल्या.
बैठकीच्या खोलीत अकरा मुली.
जमा: सात डॉलर.
जमा: खारवलेली डुकराची मांडी, दोन.
जमा: पियानो, न वाजणारा.
जमा: सरपण, ओलं.
त्या ‘ओलं’खाली तिनं दोन रेघा मारल्यात.
तिथंच मला ती आवडली.

लॅटिन शिकवायची. शहर हसलं:
कापसाच्या दलालांच्या पोरींना लॅटिन कशाला,
नवऱ्याशी भांडायला?
तिनं उत्तर दिलं नाही. फी वाढवली.

अठ्ठ्याहत्तर साली पिवळा ताप.
ऑगस्टचं पान अर्ध्यावर थांबलंय.
ज्यांना आगगाडीत जागा मिळाली ते गेले,
सप्टेंबर कोरा,
म्हणजे अगदी कोरा नाही, तळाशी दोन ओळी:
नावे: चुना, चार पिंपं, सहा डॉलर.
नावे: डेल्फी, आजाऱ्यांजवळ, चौदा रात्री.
पुढे रकमेचा रकाना मोकळा.
नोव्हेंबरात शाळा उघडली तेव्हा
बेचाळीस मुलींतल्या एकोणतीस आल्या.

जमेला येतात ती बापांची आडनावं, पदव्यांसकट,
कर्नल अमुक, जज तमुक.
नावे बाजूला पूर्ण नाव कुणाचंच नाही.
डेल्फी, इस्त्री, आठवड्याचा दीड डॉलर.
मग बरीच वर्षं डेल्फी.
मग ‘डेल्फीची मुलगी’, तोच दीड डॉलर.

१९२३. नावे: बास्केटबॉल, एक.
नावे: ताडपत्री, साठ वार,
मैदानाभोवती, रस्त्यावरून गुडघे दिसू नयेत म्हणून.
त्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो.

१९७३. कोर्टानं मुलांना बसमधून
शहराच्या या टोकाच्या शाळेतून त्या टोकाच्या शाळेत न्यायला सांगितलं.
त्या ऑगस्टात आमच्याकडे दोनशे नवे अर्ज,
जमेची बाजू वहीत मावेना.
या भागाला आठ पानांत ‘विस्ताराचं दशक’ म्हणायचं
असं समितीनं ठरवलंय.

त्याआधी चार वर्षं, एकोणसत्तरात, एकच ओळ:
जमा: कॉर्डेलिया डेल्फी मॅब्री, इयत्ता आठवी.
वडील टपाल खात्यात. पूर्ण फी, रोख.
मधलं नाव मी तीनदा वाचलं.
योगायोग असेल. तरी डेट्रॉईटला फोन लावला.

ती बराच वेळ बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली, घरात एक डेल्फी होती म्हणतात,
पणजीची आई की कोण.
होती की नाही ते तुम्हीच सांगा, कागद तुमच्याकडे.
आणि लिहिणारच असाल तर हेही लिहा,
दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर माझ्या डावी-उजवीकडे
कुणी बसलं नाही.
लॅटिन मात्र चांगलं होतं.
लॅटिन खरंच चांगलं होतं हो.

आठ पानं मी दिली, फोटोंना जागा सोडून.
तिचं वाक्य त्यात होतं. छापून आलं तेव्हा
लॅटिनचं तेवढं राहिलं होतं.

वह्या पुन्हा खाली नेल्या, एक सोडून.
ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.
महिनाअखेरीला सगळे गेले की उघडते,
पेन्सिलीला टोक काढते,
चौदा रात्री, गुणिले
आणि थांबते.
दर कुठंच लिहिलेला नाही.